मदत हवी आहे: मोटरहोममधली वीज, खांब, जनरेटर की इन्व्हर्टर?

नमस्कार मंडळी, टेक्सासला असतो, जुनं मोटरहोम (आत राहायची सोय असलेली गाडी) घेतलंय आणि आईबाबा आलेत त्यांना ग्रँड कॅन्यनला न्यायचंय, पण विजेचं गणित अजून नीट बसत नाहीये. आमची गाडी ३० अँपची, १२० व्होल्ट, म्हणजे सगळं मिळून ३६०० वॅट. एसी एकटाच दीडेक हजार खातो, त्यात मायक्रोवेव्ह आणि आईची इंडक्शन शेगडी एकदम लागली की मेन ब्रेकर पडणार हे उघड आहे. तुम्ही काय बंद ठेवून काय चालवता?

दुसरं, कॅम्पग्राउंडवर गाडीला वीज घ्यायचा खांब फक्त ५० अँपचा मिळाला तर अडॅप्टर लावून चालतं ना? गाडीतला ३० चा ब्रेकर असतोच, पण मधली केबल गरम होते का?

घरी ड्राइव्हवेमध्ये चार्ज करायला नवरा म्हणतो गॅरेजमधलं ड्रायरचं सॉकेट पण ३० अँपच आहे की, मी हातही लावू दिला नाही, ते २४० व्होल्टचं असतं, सगळं जळून जाईल. मग साध्या १५ अँपच्या सॉकेटला किती जाड एक्स्टेन्शन लावू?

आणि ग्रँड कॅन्यनच्या मॅथर कॅम्पग्राउंडला हुकअपच (वीज-पाण्याची जोडणी) नाहीत. रात्री झोपताना जनरेटर चालवायचा नाहीये, कार्बन मोनॉक्साइडची भीती वाटते, अलार्म असला तरी. १२ व्होल्टची, १०० अँप-अवरची एक लिथियम बॅटरी आहे, म्हणजे जेमतेम १२०० वॅट-अवर. बाबांचं सीपॅप मशीन (झोपेत श्वास अडकू नये म्हणून हवा देणारं) इन्व्हर्टरवर रात्रभर टिकेल का? त्याचा ह्युमिडिफायर (हवा दमट करणारा भाग) बंद ठेवून कोणी चालवलंय का? हे आधी सांगा प्लीज, बाकीचं नंतर बघू.