रीथचा दर आधीच ठरवून ठेवा
दुःखातल्या घराच्या रीथच्या, म्हणजे अंत्यविधीला वाहायच्या फुलांच्या चक्राच्या, ऑर्डरवर नेहमीचा नफा घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. मी घेते, पण फोनवरचा रडवेला आवाज ऐकून दर बदलत नाही. म्हापशात आमचं दुकान आहे. मधल्या आकाराच्या रीथला बेळगावची शेवंती, निशिगंध मिळून फुलं ४००, रिंग-फोम (फुलं खोवायचा गोल स्पंज) ८०, रिबीन २०, मजुरी १५०, वाया जाणारा माल ४०, एकूण ६९०. मी ९०० घेते. मजुरी सोडू नका. देठ तिरकं कापून एकेक खोवायला दीड तास जातो, बोटं हिरवी होतात. २ नोव्हेंबरच्या, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या मृतांच्या स्मरणदिनाच्या, सुमारास फुलांचे भाव कडाडतात, तेव्हा गिऱ्हाइकाला सांगून आकार लहान करते. लहान मूल गेलेलं असेल तर फक्त फुलांचे पैसे.