रविवारची यादी बाहेर कोणी पाठवली?

वैशाली (बी-६०१): स्पष्टच विचारते. रस्ता रुंद करायला आपल्या इथली झाडं तोडणार, त्याविरुद्ध रविवारी फलक घेऊन उभं राहायचा जो कार्यक्रम आहे त्यासाठी आपण जो फॉर्म भरला त्यात नाव, फ्लॅट, मोबाईल सगळं होतं. ती यादी बाहेर कशी गेली? काल रात्री अनोळखी नंबरवरून फोन, "मॅडम सहाव्या मजल्यावर राहता ना, झाडांच्या भानगडीत कशाला पडता, घर सांभाळा". माझी मुलगी क्लासवरून साडेआठला एकटी येते हो.

स्नेहा (सी-३०४): बापरे ताई. मी फॉर्मची लिंक फक्त याच ग्रुपवर टाकली होती

शिंदे (सेक्रेटरी): सर्व सभासदांना विनंती, हा ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे. वेगळा ग्रुप करा असं मी तेव्हाच सुचवलं होतं. असो.

रोहन (बी-४०२): शिंदेकाका "असो" म्हणाले की अजून दहा मेसेज नक्की 😄

कुलकर्णी काका (ए-१०२): झाडतोडीच्या नोटिशीवर हरकतीची मुदत ७ दिवस. आज तिसरा दिवस. लेखी हरकत द्या, पोच घ्या.

रोहन: बाय द वे ती उत्तरांची शीट लिंक असेल त्या कुणालाही उघडत होती. आत्ता इनकॉग्निटोत चेक केलं. या ग्रुपवर १८६ जण आहेत, त्यात विकून गेलेले तीन जण, दोन ब्रोकर आणि एक टँकरवाला.

पाटील काकू (सी-१०१): टँकरवाल्याला काढू नका रे बाबांनो, मे महिना यायचाय

स्नेहा: शीट बंद केली. पण मी एकटीनेच सगळं करायचं आणि मग चुका काढायला सगळे, हे बरंय. मीटिंगला किती जण आले होते? चार. त्यात काकूंचा चहा प्यायला दोन.

अमित (बी-२०३): मी बोललो तर वाईट दिसेल पण त्या झाडांमुळे माझ्या गाडीवर रोज कावळ्यांची रांगोळी असते. रस्ता रुंद झाला तर काय आभाळ कोसळणारे?

पाटील काकू: अमित, तुझी गाडी व्हिजिटर पार्किंगमध्ये का असते ते आधी सांग

अमित: हा विषय इथे नाही

पाटील काकू: हाच विषय आहे

ॲड. मनीषा (ए-७०१): थांबा जरा. वैशाली, तो नंबर डिलीट करू नकोस, कॉल लॉगचा स्क्रीनशॉट काढ, माणूस नेमकं काय बोलला ते त्याच्याच शब्दात आत्ता लिहून ठेव, उद्यापर्यंत अर्धं विसरशील. परत आला तर वाद घालू नकोस, "कोण बोलतंय" एवढंच विचार आणि ठेव. संध्याकाळी पोलीस चौकीत लेखी अर्ज देऊ, तोंडी सांगून काही होत नाही, मी येते, स्नेहा तू पण चल. तातडीचं वाटलं तर ११२. मुलीला आठवडाभर क्लासवरून कोण आणणार ते इथे नको, मला पर्सनलवर सांग.

देशमुख (सी-५०२): एवढ्यासाठी चौकी? दुर्लक्ष करा हो.

कुलकर्णी काका: देशमुख, दुर्लक्षाचं म्हणाल तर तळेगावचे सतीश शेट्टी आठवा. जानेवारी २०१०. जमिनींचे घोटाळे आरटीआयने बाहेर काढत होते, सकाळी फिरायला गेले तिथेच वार केले. एकटा माणूस पुढे दिसला की त्यालाच गाठतात. एकाच्या नावाने दहा अर्ज देऊ नका, दहा जणांच्या नावाने द्या. आणि हरकतीची मुदत ७ दिवस आहे.

वैशाली: काका हे वाचून अजून भीती वाटली

रोहन: काका, गुड मॉर्निंगचं फूल टाका एक, वातावरण हलकं होईल

देशमुख: माझा मुद्दा वेगळा आहे. मुलाची व्हिसाची प्रोसेस चालू आहे. रविवारी पोलिसांनी नावं घेतली तर? मुंबईत आरेला मेट्रो कारशेडसाठी झाडं तोडली तेव्हा काय झालं माहितीये ना.

स्नेहा: माहितीये की. ४ ऑक्टोबर २०१९, हायकोर्टाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू. २९ जणांना अटक, त्यात कॉलेजची पोरं. ७ तारखेला सुप्रीम कोर्टाने थांबवलं तोवर २,१४१ झाडं गेली होती. म्हणून आत्ताच उभं राहायचं, करवत आल्यावर नाही.

ॲड. मनीषा: बरोबर, पण त्या पोरांवर सरकारी कामात अडथळ्याचं कलम लागलं होतं हेही सांग. गुन्हे मागे घेण्याची घोषणा नंतर झाली, तोवर टांगती तलवार होतीच. म्हणून रविवारी आपण फुटपाथवर, फलक घेऊन, तासभर. जेसीबीसमोर कुणी बसायचं नाही, कामगारांना हात लावायचा नाही. शहरात जमावबंदीचा आदेश चालू आहे का ते आधी बघू, पोलीस कायद्याचं कलम ३७ लागलं की पाच माणसं पण जमाव होतात. पोलीस स्टेशनला आधी पत्र आणि त्याचीही पोच. देशमुख, तुम्ही रविवारी नका येऊ, हरकतीवर सही करा, त्याने व्हिसा अडत नाही.

अमित: आणि फांद्या तोडायला आलेच तर?

ॲड. मनीषा: तर लांब. कटर चालू असताना झाडाखाली जायचं नाही, फांदी दोरावर असली तरी कुठे झुलेल नेम नाही. व्हिडिओ समोरच्या गच्चीवरून.

स्नेहा: लहान मुलांचे चेहरे येतील असे फोटो टाकू नका. लाईव्ह जाऊ नका, घरी पोचल्यावर टाका. जोडीने या जोडीने जा.

पाटील काकू: मी बीपीची गोळी घेऊन येते आणि थर्मास. वडापाव कोण आणतंय? उन्हात उपाशी उभं राहून कुणी चक्कर आली तर तीच बातमी होईल

शिंदे (सेक्रेटरी): सोसायटीचं लेटरहेड मिळणार नाही. कमिटीचा तसा ठराव नाही. शिवाय ग्रुपवर कुणी काही भडक लिहिलं तर ॲडमिन म्हणून मला धरतील.

ॲड. मनीषा: नाही धरणार. दुसऱ्याच्या पोस्टसाठी ॲडमिन आपोआप जबाबदार नाही असं हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलंय. मात्र ते ब्रोकर काढा. लेटरहेड नको, साध्या कागदावर नाव-पत्ता-सही चालते.

शिंदे (सेक्रेटरी): ब्रोकर काढतो. त्यातला एक माझा मेहुणा आहे, तो राहील.

रोहन: 😶

कुलकर्णी काका: हरकतीची मुदत

रोहन: सात दिवस काका, पाठ झालं

कुलकर्णी काका: पाठ झालं तर सही कुठाय? फक्त ११ आल्यात. नोटीस खिळ्याने ठोकलीये त्या पिंपळावर, कोपरा फाटलाय, झाडांचे क्रमांक आहेत तो भाग निघून जाईल. आजच फोटो काढा.

अमित: फोटो मी काढलाय. गाडी पुसत होतो तेव्हा. टाकतो. प्रिंटर पण आहे माझ्याकडे, पण कागद कुणीतरी आणा, मागच्या गणपतीत वर्गणीच्या पावत्या छापल्या त्याचेच पैसे अजून मिळाले नाहीत.

शिंदे (सेक्रेटरी): त्याचं बिल दिलंच नव्हतं तुम्ही.

अमित: दिलं होतं. दोनदा.

वैशाली: मनीषाताई, सहा वाजता खाली येते. अर्ज लिहून आणते.