मुंबईची गोदी बंद पडली का? जहाजं गेली कुठे?

कर्वेनगरकर

नमस्कार मंडळी. प्रश्न पुण्याबाहेरचा आहे, अ‍ॅडमिननी उडवू नये ही विनंती, पण इथं माहितगार लोक आहेत म्हणून टाकतोय.

गेल्या रविवारी बाबांना आणि लेकीला घेऊन अलिबागला गेलो, मुद्दाम मुंबईमार्गे, कारण लेकीला बोटीत बसायचं होतं. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो घेतली, गाडीसकट. आता माझे आजोबा गोदीत टॅली क्लार्क होते, म्हणजे चढणारा-उतरणारा माल मोजणारे, व्हिक्टोरिया डॉकला, आणि बाबांचं लहानपण सगळं शिवडीत गेलेलं. बोट सुटल्यापासून बाबा रेलिंग धरून उभे, वडापाव हातात तसाच, आणि एकच पालुपद, अरे इथं क्रेनांचं रान होतं. रात्री अंथरुणात पडल्यावर जहाजांचे भोंगे ऐकू यायचे म्हणे, आणि ३१ डिसेंबरला बाराच्या ठोक्याला बंदरातली सगळी जहाजं एकदम भोंगे वाजवायची, तेव्हा आजी उठून देवापाशी दिवा लावायची, इंग्रजी नवं वर्ष असलं तरी.

आम्हाला दिसलं काय तर नेव्हीची जहाजं, मच्छीमार बोटी आणि लांब कुठेतरी एक-दोन टँकर. धक्क्यावर एका माणसाला बाबांनी विचारलं व्हिक्टोरिया डॉक कुठाय, तर तो म्हणाला काका ते बुजवलं. बुजवलं?? डॉक बुजवतात? बाबा त्यानंतर मांडव्यापर्यंत बोलले नाहीत.

तर प्रश्न असा की मुंबई बंदर बंद पडलंय का? गिरण्यांसारखं संपानं संपलं, का जेएनपीटीनं, म्हणजे पलीकडच्या न्हावा-शेवा बंदरानं खाल्लं, का अजून काही?

बाजीराव_रोड

सोप्पं आहे. जागेचा भाव. गिरण्या गेल्या टॉवर आले, आता गोदी जाणार आणि समुद्र दिसणारे टॉवर येणार. बाकी सगळ्या गप्पा.

पुण्याला बंदर नाही ते एका अर्थी बरंच आहे. असतं तर १ ते ४ जहाजांना नांगर टाकून थांबावं लागलं असतं, आणि भरती त्याच वेळात आली तर भरतीलाही.

मावळा७१

१९४४ चा स्फोट विसरलात का सगळे? १४ एप्रिलला फोर्ट स्टिकिन जहाज फुटलं व्हिक्टोरिया डॉकमध्ये, दारूगोळा आणि कापसाच्या गाठी एकाच जहाजात भरलेल्या, शेकड्यांनी माणसं गेली, सोन्याच्या विटा उडून लोकांच्या घरात पडल्या. तिथूनच गोदीला उतरती कळा लागली असं आमचे मास्तर सांगायचे.

जुना_क्लिअरिंगवाला

मावळा, स्फोट खरा, विटाही खऱ्या, पण मास्तरांचा निष्कर्ष चुकला. डॉक दुरुस्त करून पुन्हा चालू झाली आणि बंदराची खरी गर्दी त्यानंतरच्या तीस-चाळीस वर्षांतली. मी ८३ साली बॅलार्ड इस्टेटला एका कस्टम क्लिअरिंग एजंटाकडे चिकटलो, पुढे पिंपरीला आलो, पण पहिली बारा वर्षं गोदीची धूळ खाल्ली आहे. तेव्हा अडचण उलटी होती, जहाजं जास्त आणि धक्के कमी. बाहेर स्ट्रीममध्ये, म्हणजे खुल्या पाण्यात, जहाजं बर्थसाठी (धक्क्याला लागायच्या जागेसाठी) नांगर टाकून पडलेली असायची, मालकाचा रोजचा खर्च चालू, आणि आम्ही इकडे पार्टीला फोनवर सांगतोय, उद्या लागेल साहेब.

कर्वेनगरकर, पहिलं म्हणजे बंदर बंद पडलेलं नाही, ते डोक्यातून काढा. आजही वर्षाला सहा-सात कोटी टन माल होतो. पण त्यात मोठा वाटा कच्च्या तेलाचा आणि पेट्रोलियमचा, तो जवाहर द्वीपला आणि पीर पावला उतरतो आणि पाइपातून रिफायनरीत जातो. लाख टन उतरले तरी शिवडीतल्या माणसाला भोंगाही ऐकू येणार नाही आणि पोतंही दिसणार नाही. गेली ती तुमच्या आजोबांची गोदी, पोती, गाठी, पेट्या, लोखंडाचे बार, म्हणजे ज्याला आम्ही जनरल कार्गो म्हणायचो.

आता ती का गेली. संप वगैरे झाले, नाही असं नाही, पण त्यानं बंदर संपत नसतं. मी नवीन पोरांना एकच आकडा सांगायचो, १०० फूट. प्रिन्सेस डॉक १८८० चं, व्हिक्टोरिया १८८८ चं, या दोघांचे दरवाजे भरतीच्या आसपासच उघडायचे, भरती चुकली की जहाज बसलं पुढच्या भरतीपर्यंत. मग १९१४ ला अलेक्झांड्रा झालं, आताचं इंदिरा डॉक, त्याला लॉक आहे. म्हणजे दोन दरवाजांमधली पाण्याची खोली समजा, जहाज आत घ्यायचं, मागचा दरवाजा लावायचा, पाणी सारखं करायचं, मग पुढचा उघडायचा. मुंबईत मोठ्या भरती-ओहोटीत चार-पाच मीटरचा फरक पडतो, डॉकमधलं पाणी धरून ठेवलं नाही तर जहाज चिखलात बसेल. तर त्या लॉकची रुंदी १०० फूट. त्या काळात ऐसपैस. पण गंमत बघा, त्याच वर्षी, १९१४ लाच, पनामा कालवा सुरू झाला आणि त्याची लॉक ११० फुटी. पुढे जगभरची मोठी जहाजं बांधली गेली पनामाच्या मापानं, म्हणजे १०६ फूट रुंद. आमच्या दरवाजात ती मावेनात. पनामाच्या लॉकपेक्षा दहा फुटांनी हुकलो. तेव्हा कुणाला काय कळणार म्हणा.

आणि दुसरं कंटेनर. पोत्यांचं जहाज म्हणजे काय असायचं तर एकेका फाळक्यावर (जहाजाच्या पोटात माल उतरवायच्या तोंडावर) एक टोळी, खाली फाळक्यात माणसं स्लिंग, म्हणजे दोराची झोळी भरतायत, विंचमन वर ओढतोय, धक्क्यावर दुसरी टोळी हूक लावून पोती उतरवतेय, आणि बाजूला टॅली क्लार्क वही घेऊन प्रत्येक स्लिंग मोजतोय. एकेक जहाज आठवडा-दोन आठवडे लागलेलं. त्यात पाऊस आला की फाळका बंद, काम बंद, सगळे शेडमध्ये चहा पीत. कंटेनर आल्यावर तोच माल डब्यात, डबा कारखान्यातच सील होतो, क्रेन तासाला पंचवीस-तीस डबे उचलते. हूकवाला नको, स्लिंगवाला नको आणि टॅलीवालाही नको, कारण मोजायचं काय, तर डब्याचा नंबर.

बरं डबे आले तरी ठेवायचे कुठे? कंटेनर बंदराला धक्क्यामागं मैदान लागतं. आपल्या गोदीमागं शेड, शेडमागं डिमेलो रोड, त्याच्यामागं रेल्वे आणि त्याला लागून शहर. वर ट्रेलरला दिवसा शहरात ठरावीक वेळेत बंदी. म्हणून पलीकडच्या किनाऱ्याला न्हावा-शेवा, २६ मे १९८९ ला सुरू झालं, आणि मग दहा वर्षांत आमच्या बॅलार्ड इस्टेटच्या गल्लीतली निम्मी ऑफिसं पाटी काढून पनवेल-बेलापूरला गेली. लंडनला हेच झालं, शेवटची मोठी डॉक १९८१ ला बंद, धंदा खाली टिलबरीला. सॅन फ्रान्सिस्कोचा समोर ओकलंडला. आपलंच काही वेगळं झालं नाही.

व्हिक्टोरिया बुजवलं ते खरंय. प्रिन्सेसही. ते का, तर बाहेर समुद्रात कंटेनर टर्मिनल करायचं आणि डबे ठेवायला जागा हवी म्हणून. पाण्याची जमीन केली, बाहेर धक्का बांधला, आणि कंटेनर काही आले नाहीत, कारण तोवर ते पलीकडे स्थिरावले होते. यावर मी काही बोलत नाही, बायको म्हणते तुझं बीपी वाढतं.

चाकणचा_चाक्या

वरच्या काकांनी लिहिलंय ते कंटेनर न आलेले धक्के, तिथं पुढं गाड्या आणि स्टीलचं काम झालं. आणि गाड्या कुठल्या, तर बऱ्याचशा आमच्या चाकणच्या! मी एका वाहतूक कंपनीत डिस्पॅचला आहे. गाडी प्लांटमधून निघते, ट्रेलरवर चढते, घाट उतरते आणि रात्री शहराच्या तोंडाशी एंट्रीची वाट बघत उभी राहते, एका कटऑफला (जहाजासाठी माल पोचवायच्या शेवटच्या वेळेला) आमचे अकरा ट्रेलर बाहेर राहिले होते आणि जहाज गेलं, त्या रात्री मी जे ऐकून घेतलं ते इथं लिहिता येणार नाही.

पण जहाज बघायला एकदा जाच कोणीतरी. कार कॅरिअर म्हणजे पाण्यावरचं दहा-बारा मजली पार्किंग, खिडकी नाही काही नाही, शोभा शून्य. मागचा रॅम्प पडतो आणि ड्रायव्हर लोक रांगेनं गाड्या आत घालतात, दोन गाड्यांत वीतभर अंतर, आरसे मिटलेले, मग सगळे ड्रायव्हर एका व्हॅनमध्ये कोंबून परत बाहेर, पुन्हा पुढची खेप. माझ्या नजरेसमोर लागलेलं जहाज लॉकच्या वाटेला गेलंच नव्हतं, बाहेरच्या धक्क्याला होतं. आता काकांचे १०० फूट वाचून कळलं का ते.

म्हणजे कर्वेनगरकर, तुमच्या बाबांना सांगा, त्यांच्या गोदीवर आता पुण्याचा माल आहे.

उरणचा_वाकडमध्ये

सगळं वाचलं. एक बाजू राहिली. "पलीकडचा किनारा", "मोकळी जागा" असं सगळे सहज लिहितात, ती मोकळी नव्हती हो. आमची भातशेती होती, मिठागरं होती, खाडीची मासळी होती. जानेवारी १९८४ मध्ये, १६ आणि १७ तारखेला, जमिनी घेतल्या जात होत्या त्याविरुद्ध दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर उतरले तेव्हा गोळीबार झाला आणि पाच शेतकरी गेले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व आज सगळीकडे नावाजतात ते त्या रक्तातून आलंय. माझे वडील तेव्हा जासईला होते, त्यांच्या पायाला लागलेलं, पावसाळ्यात अजून दुखतं.

आणि नोकऱ्यांचं म्हणाल तर गोदीत जितकी माणसं लागायची तितकी इथं कधी लागलीच नाहीत. क्रेन डबा उचलते, काकांनीच लिहिलंय. मी स्वतः वाकडला आयटीत आहे, घरून बंदर दिसायचं पण कामाला इकडे यावं लागलं.

आता पालघरकडे वाढवणला नव्या बंदराचं भूमिपूजन झालं २०२४ ला. तिथले मच्छीमार जे बोलतायत ते ऐकून आमच्या गावातले म्हातारे मान हलवतात.

बाजीराव_रोड

उरणकर, हे माहीत नव्हतं. वरचा टॉवरवाला शेरा जरा उथळ होता, मान्य. (भरतीचा विनोद मात्र मागे घेत नाही.)

मावळा७१

बाकी सगळं ठीक पण डिमेलो रोड ज्यांच्या नावाचा त्यांच्याबद्दल कोणी दोन ओळी लिहिल्या नाहीत. गोदी कामगारांचे पुढारी. आधी टोळीवाला मुकादम दारावर उभा राहून बोट दाखवणार, तू ये, तू नको, ज्याला बोट नाही त्याच्या घरी चूल नाही. १९४८ चा गोदी कामगारांचा कायदा आणि पुढे लेबर बोर्ड आलं तेव्हा हजेरी, पाळी, काम नसलं तरी थोडाफार पगार, हे सुरू झालं. चुलत्यांनी सांगितलेलं आहे, या वेळी मास्तरांनी नाही.

जुना_क्लिअरिंगवाला

मावळा, हे बरोबर. माझ्या लेखात राहून गेलं.

कर्वेनगरकर, आजोबांचं काही आहे का घरात? टॅलीची वही, बिल्ला, काहीही?

कर्वेनगरकर

सगळ्यांचे आभार, इतकं येईल असं वाटलं नव्हतं. काल रात्री बाबांना सगळं वाचून दाखवलं. उरणकरांचं पत्र दोनदा वाचायला लावलं. १०० फुटांवर म्हणाले, हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही, आम्ही आपलं युनियनला नाहीतर साहेबाला शिव्या घालायचो.

काका, वही आहे. माळ्यावरच्या ट्रंकेत निघाली, पण गोदीची नाही, घरचीच. आजोबा रिटायर झाल्यावरही सगळं टॅलीनं मोजायचे, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. दुधाच्या पिशव्या तशाच, इस्त्रीचे कपडे तसेच, आणि एका पानावर वर "पापड, उडीद" लिहून खाली रेघांचे छत्तीस जुडगे आणि वर तीन सुट्या. म्हणजे १८३. त्याच्याखाली आजीच्या अक्षरात लिहिलंय, "१८५ होते. दोन तळून खाल्ले."

फोटो शनिवारी टाकतो, बाबा वही हातातून सोडत नाहीयेत.