मेगुमी हायाशिबारा खरंच नर्स होती का?

फोंड्याची आई:
माझी लेक नर्सिंग करते. जत्रेतल्या नाटकांत पदं म्हणते, गळा गोड आहे. आता अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका बघून शिक्षण सोडून मुंबईला डबिंगला जायचं म्हणते. तोंडात सतत मेगुमी हायाशिबारा या जपानी आवाज-कलाकाराचं नाव. तीसुद्धा नर्स होती म्हणे. कोणाला माहीत आहे?

म्हापशाचा अ‍ॅनिमेवाला:
काकी, पण मेगुमीने नर्सिंगचं शिक्षण सोडलं नव्हतं, हे लेकीला आधी सांगा. जन्म १९६७, तोक्यो. नर्सिंग आणि आवाजाचं शिक्षण तिने एकाच वेळी केलं, नर्सचा परवानाही मिळवला. १९८६ मध्ये किरकोळ भूमिकांपासून सुरुवात, १९८९ मध्ये 'रान्मा' या मालिकेत मोठी भूमिका. मला सगळ्यात भारी वाटतं १९९५. 'स्लेयर्स' मालिकेतली लीना म्हणजे तापट, तोंडाळ जादूगारीण. 'इव्हँजेलियन' मालिकेतली रेई चौदा वर्षांची, बोलण्यात चढ नाही की उतार नाही. एकाच वर्षी दोघी, गळा एकच! 'स्लेयर्स'ची शीर्षकगीतंही तिने गायली. पोकेमॉनमधल्या टीम रॉकेटच्या जेसीचा मूळ जपानी आवाजही तिचाच.

मडकईची ताई:
मी संगीत नाटकात काम करते, म्हणून गाण्याबद्दल सांगते. २०१६ च्या 'शोवा गेन्रोकू राकुगो शिंजू' या अ‍ॅनिमेत ती मियोकिची नावाची गेइशा (गाण्या-नाचाने पाहुण्यांचं मन रमवणारी कलावंतीण) झाली आणि शीर्षकगीतही तिनेच गायलं. संगीत शिइना रिंगो या जपानी गायिका-संगीतकाराचं. ते ऐकताना गायिका नव्हे, मियोकिचीच गाते असं वाटतं. सूर दाखवायची घाई कुठेच नाही. आपल्या बांदिवड्याच्या ज्योत्स्नाबाई भोळे 'कुलवधू'त गायल्या तेव्हा मैफलीतलं पद म्हणत नव्हत्या, भूमिका गात होत्या. तुमच्या मुलीला ही वाट अनोळखी नाही, काकी.

आणखी एक. जपानात बरेचदा सगळे कलाकार एकाच खोलीत माईकसमोर उभे राहतात, हातात संहिता. पडद्यावरच्या ओठांकडे डोळे, आणि पान उलटताना कागद जरासुद्धा वाजता कामा नये. लेकीला घरीच करून बघू दे: मोबाईलवर रेकॉर्डिंग लावून नाटकाचा एक प्रवेश वाचायचा. स्वतःचा श्वास कुठे ऐकू येतो ते लगेच कळेल.

फोंड्याची आई:
देव बरें करूं दोघांचं. परवान्याचं वाचून दाखवलं, तर गप्प बसून ऐकलं तिने. नर्सिंग पुरं करीन म्हणाली, पण तालमीला यायचंय. ताई, तुमच्या तालमी कुठल्या वारी असतात?