लॅबमधले २२ पीसी नेटवर्कवरून इमेज करायचेत, फॉग लावलं पण पीएक्सई-ई५३ येतंय

लॅबवाले_सर
नमस्कार मंडळी. देवगड तालुक्यातल्या एका ज्युनियर कॉलेजची कॉम्प्युटर लॅब माझ्याकडे आहे, म्हणजे शिकवायचंही मीच आणि प्रिंटरात अडकलेला कागद काढायचाही मीच. एकूण २२ पीसी. १४ जुने, लेगसी बायोसवाले, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची फिरती हार्डडिस्क. ८ नवीन, युईएफआय (बायोसचा नवा अवतार), २५६ जीबी एनव्हीएमई एसएसडी. दरवर्षी मे महिन्यात मी पेनड्राइव्ह घेऊन एकेका पीसीसमोर बसतो, विंडोज टाका, ड्रायव्हर टाका, ऑफिस टाका, मराठी इनस्क्रिप्ट लावा, एकाचं होतंय तोवर लाइट जाते, आणि घरी आंब्याच्या पेट्या भरायच्या ज्या आठवड्यात असतात नेमका त्याच आठवड्यात मी इकडे नेक्स्ट नेक्स्ट फिनिश करत असतो. यंदा म्हटलं पुरे, एका तयार पीसीच्या डिस्कची प्रत (इमेज) काढायची आणि नेटवर्कवरून बाकीच्यांवर टाकायची.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, जुन्या १४ मध्ये विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप नाही, त्यामुळे त्यांच्यावर लिनक्स मिंट एक्सएफसीई टाकायचं ठरलंय. नवीन ८ वर विंडोज ११. एक जादाचा डेस्कटॉप होता त्यावर उबंटू टाकून फॉग (नेटवर्कवरून इमेज काढायचं आणि टाकायचं सॉफ्टवेअर) इन्स्टॉल केलं, गिटहबवरून उतरवून इन्स्टॉलर स्क्रिप्ट चालवली, बिनतक्रार झालं. मध्ये विचारलं डीएचसीपी (पीसींना आयपी वाटायचं काम) फॉगनेच द्यायचं का, मी नाही म्हटलं कारण राउटर देतोय. वेब पेज उघडतं, लॉगिन होतं. पण पीसी नेटवर्क बूटला (पीएक्सई) टाकला की आयपी मिळतो आणि मग पीएक्सई-ई५३, नो बूट फाइलनेम रिसीव्हड, की परत हार्डडिस्कवर. सगळीकडे लिहिलंय राउटरमध्ये ऑप्शन ६६ आणि ६७ भरा. नेटवाल्याने दिलेल्या राउटरमध्ये तसलं काही दिसतच नाही, अख्खा मेनू पालथा घातला. आता फॉगचं डीएचसीपी पण चालू करू का? आणि दोन्ही प्रकारच्या मशीनला एकच इमेज चालेल का?

नाखवा_नेटवर्क
सर, ई५३ आलं म्हणजे अर्धी लढाई जिंकलात. ई५१ असतं तर आयपीच मिळत नाही, ई३२ असतं तर फाइल आणायला गेला आणि टीएफटीपीवाल्याने (बूटची फाइल देणारी सेवा) दार उघडलं नाही, बहुतेक फायरवॉल, युडीपी ६९. तुमच्या पीसीला आयपी मिळाला, फक्त 'पुढे कुठे जाऊ' हे कोणी सांगितलं नाही. ६६ म्हणजे सर्व्हरचा पत्ता, ६७ म्हणजे फाइलचं नाव, एवढंच ते.

दुसरं डीएचसीपी त्याच नेटवर्कवर अजिबात नको. राउटरला हात न लावता काम होतं, फॉगच्याच मशीनवर डीएनएसमास्क टाका आणि प्रॉक्सी डीएचसीपी म्हणून चालवा. तो आयपी वाटत नाही, राउटरने आयपी दिला की बाजूने फक्त बूटची माहिती पुरवतो. कॉन्फिग फाइलमध्ये पोर्ट बरोबर शून्य लिहा म्हणजे त्याचं डीएनएसचं काम बंद, नाहीतर उबंटूचा स्वतःचा रिझॉल्व्हर आणि हा ५३ नंबरच्या पोर्टवरून भांडत बसतात. डीएचसीपी रेंजच्या ओळीत सर्व्हरचा आयपी, स्वल्पविराम, प्रॉक्सी. मग आर्किटेक्चरप्रमाणे वेगवेगळी फाइल द्यायची. क्लायंट स्वतःच आपला नंबर सांगतो, शून्य आला तर लेगसी बायोस, त्याला अनडीआयओन्ली डॉट केपीएक्सई. सात किंवा नऊ आला तर ६४ बिटचं युईएफआय, त्याला आयपीएक्सई डॉट ईएफआय, आणि त्याने नेटवर्क कार्ड ओळखलं नाही तर एसएनपीओन्ली डॉट ईएफआय. फायरवॉल असेल तर ४०११ पण उघडा, लोक हे हमखास विसरतात.

इमेज एक नाही चालणार. जुन्यांची डिस्क एमबीआर या जुन्या पार्टिशन पद्धतीची, नवीन युईएफआयला जीपीटी ही नवी पद्धत आणि ईएफआय पार्टिशन लागतं. तसंही तुमचं एकीकडे मिंट, एकीकडे विंडोज, मग दोन इमेज आल्याच.

जांभ्याचा_चिरा
दुसऱ्या डीएचसीपीबद्दल नाखवा बोलला ते हलक्यात घेऊ नका. मी स्वतः एका ठिकाणी घाईत 'हो' दाबून बसलो होतो, लॅबची वायर ऑफिसच्याच स्विचला आहे हे डोक्यातच नाही. ॲडमिशनचा शेवटचा दिवस. फॉगने ऑफिसच्या पीसींनाही आयपी वाटायला सुरुवात केली, गेटवे चुकीचा, खाली फॉर्म भरायला पालकांची रांग आणि वर मी खुशीत की बघा कसं पटापट बूट होतंय. हेडक्लार्क बाई जिना चढून आल्या आणि काही न बोलता दारात उभ्या राहिल्या. तेवढ्याने समजलं मला.

बाकी माझं मत वेगळं आहे. वर्षातून एकदाच करायचं असेल तर फॉगचा एवढा डोलारा कशाला? क्लोनझिला हेही इमेजचंच सॉफ्टवेअर, त्याच्या लाइव्ह पेनड्राइव्हमध्येच लाइट सर्व्हर येतो, तैवानच्या एनसीएचसी या सरकारी संस्थेतल्या लोकांनी बनवलंय, एका लॅपटॉपवर बूट करा, तोच सर्व्हर होतो, बाकीचे पीसी त्याच्याकडून उचलतात, काम झालं की पेनड्राइव्ह खिशात. सांभाळायला सर्व्हर नाही, अपडेट नाही.

नाखवा_नेटवर्क
@जांभ्याचा_चिरा एकदाच असेल तर मान्य. पण शाळा-कॉलेजच्या लॅबमध्ये एकदाच कधी असतं सांग. परीक्षेच्या आदल्या दिवशी ५ नंबरवर पोरांनी काहीतरी करून ठेवलेलं असतं, तेव्हा वेब पेजवरून त्या एका होस्टला डिप्लॉय टास्क (इमेज परत टाकायचं काम) द्यायचा आणि चहाला जायचं, ही फॉगची मजा आहे.

लॅबवाले_सर
डीएनएसमास्क चाललं!! जुने १४ एका दमात फॉगच्या मेनूवर आले, क्विक रजिस्ट्रेशन करून होस्ट लिस्टमध्ये सगळे दिसले, डोळे भरून पाहिलं. नवीन ८ मात्र 'सिक्युरिटी व्हायोलेशन' म्हणत होते, सिक्युअर बूट बंद केल्यावर मेनू आला. पण आता म्हणतोय हार्डडिस्कच सापडत नाही. विंडोज तर त्यावर व्यवस्थित चालतंय, मग डिस्क जाते कुठे?

खाजणातला_खेकडा
सर, माका पण ह्योच घोळ झालो होतो, दोन दिस डोक्याक हात लावन बसलेलंय. डिस्क खंय जावक नाय, थंयच आसा. बरं, आता शुद्धात लिहितो, नायतर चिपळूणची मंडळी ओरडतील.

बायोसमध्ये स्टोरेजचं सेटिंग रेड किंवा आरएसटी असं असेल, कंपनीकडून येतानाच तसं येतं. त्या मोडमध्ये फॉगच्या लिनक्स कर्नलला एनव्हीएमई दिसत नाही. एएचसीआय करा, दिसेल. पण सावकाश, आधीच टाकलेलं विंडोज हा बदल केल्यावर सरळ बूट होत नाही, निळी स्क्रीन. तुम्ही मास्टर (ज्याची इमेज काढायची तो पीसी) नव्यानेच बनवणार ना, मग आधी आठही मशीनवर एएचसीआय करून टाका आणि त्यानंतर मास्टरवर विंडोज टाका.

आणि खरं काम इथून पुढे आहे. नेटवर्क बूट म्हणजे होडी पाण्यात ढकलली एवढंच, जाळं अजून फाटकं आहे. विंडोज ११ टाकलं की पहिल्या स्क्रीनवर नाव-गाव न भरता कंट्रोल शिफ्ट एफ३ दाबा, ऑडिट मोडमध्ये जातो, तिथेच सगळी सॉफ्टवेअर टाका. आणि लॅनची वायर काढून ठेवा, मी हे दोनदा भोगलंय. नेट चालू राहिलं की स्टोअरमधली ॲप मागच्या मागे त्या एका युजरपुरती अपडेट होतात आणि शेवटी सिसप्रेप (इमेज काढण्याआधी विंडोजमधली त्या मशीनची ओळख पुसणारं टूल) अडतो, म्हणतो हे पॅकेज एका युजरला आहे, सगळ्यांना नाही. कुठलं पॅकेज ते सिसप्रेपच्या फोल्डरात पँथर नावाचा फोल्डर असतो, त्यातल्या सेटअपॲक्ट लॉगमध्ये लिहिलेलं असतं, ते एकेक काढत बसायचं. नकोच ते.

कॅप्चरच्या (इमेज काढायच्या) आधी हायबरनेशन बंद करा म्हणजे फास्ट स्टार्टअप पण जातं, नाहीतर विंडोज बंद दिसतं पण एनटीएफएस अर्धवट झोपलेली असते आणि फॉग तिला लहान करायला नकार देतो, बरोबरच आहे त्याचं. डिव्हाइस एन्क्रिप्शन तपासा, विंडोज ११ मध्ये ते न विचारता चालू झालेलं असू शकतं. मग सिसप्रेप, जनरलाइझ, ऊबी, शटडाउन. शटडाउनच, रिस्टार्ट नाही, रिस्टार्ट झालं की सगळं मुसळ केरात. फॉग क्लायंट टाकला असेल तर त्याची सर्व्हिस सिसप्रेपच्या आधी डिसेबल करा आणि सेटअपकम्प्लीट स्क्रिप्टमधून परत चालू करा, नाहीतर पहिल्याच बूटला मध्येच मशीनचं नाव बदलून रिस्टार्ट मारतो.

मिंटच्या मास्टरवर मशीन आयडीची फाइल रिकामी करून मगच कॅप्चर करा, नाहीतर चौदाही पीसींची ओळख एकच आणि कधीकधी दोघांना एकच आयपी. इमेजचा प्रकार सिंगल डिस्क रिसायझेबल ठेवा, उद्या लहान-मोठी डिस्क आली तरी चालतं.

जांभ्याचा_चिरा
लायसन्सचं कोणी बोलत नाहीये म्हणून मी बोलतो. पीसीसोबत आलेलं ओईएम विंडोज त्या मशीनपुरतं असतं, एकाची इमेज काढून आठांवर टाकायचा हक्क त्यात येत नाही, तो व्हॉल्यूम लायसन्ससोबत येतो. शिक्षणसंस्थांसाठी वेगळा दर असतो, प्राचार्यांकडून आधी विचारून घ्या. मिंटला ही कटकटच नाही.

लॅबवाले_सर
लायसन्सचं पत्र प्राचार्यांच्या टेबलावर ठेवलंय, त्यामुळे विंडोजचे ८ तूर्त थांबवले, एएचसीआय तेवढं करून ठेवलं. मिंट कॅप्चर झालं, साधारण १८ जीबी भरलेली डिस्क. कॅप्चर चालू असताना एकदा लाइट गेली आणि मी कपाळाला हात लावला, पण सर्व्हर यूपीएसवर होता म्हणून वाचला, आणि नंतर कळलं की चालू कॅप्चर आधी इमेजेसच्या आत डेव्ह नावाच्या फोल्डरात जातं आणि पूर्ण झाल्यावरच जाग्यावर येतं, म्हणजे आधीची चांगली इमेज असेल तर ती बिघडत नाही. हे ज्याने सुचवलं त्याला एक पायरीची पेटी.

आता नवीन रडगाणं. एका पीसीला डिप्लॉय केलं तर मिनिटाला साडेचार जीबी, चार मिनिटांत तयार. सगळ्या १४ ला एकदम मल्टिकास्टने लावलं तर मिनिटाला २०० ते ३०० एमबी, तास उलटला तरी रखडलंय. स्विच गिगाबिट आहे, २४ पोर्टचा, साधा अनमॅनेज्ड. मल्टिकास्टचा फायदा काय मग?

नाखवा_नेटवर्क
मल्टिकास्ट म्हणजे दिंडी सर, सगळ्यात मागच्या म्हाताऱ्याच्या चालीने चालते. एकच प्रवाह सगळ्यांना जातो, एकाचं पॅकेट पडलं की सगळे थांबतात. एक वाईट केबल पुरते. स्विचसमोर जाऊन दिवे बघा. बहुतेक स्विचवर गिगाबिटला एक रंग आणि १०० ला दुसरा, कुठला कशाला ते स्विचवरच छापलेलं असतं. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात, म्हणून एखादी पिन गेली तरी नेट 'चालतं' आणि कोणाला पत्ता लागत नाही. खिडकीकडच्या रांगेपासून सुरू करा, आपल्याकडची खारी हवा आधी तिथेच खाते.

लॅबवाले_सर
नाखवा, हात जोडले. १३ दिवे हिरवे, एक नारिंगी आणि तोही लुकलुकणारा. ११ नंबर, समुद्राकडच्या खिडकीखाली. केबल काढून बघितली तर आठातल्या तीन पिना हिरव्यागार, पितळेच्या जुन्या समईसारख्या, नखाने खरवडलं तर हिरवा चुरा पडला. पीसीच्या पोर्टमध्येही तेच. पावसाळ्यात त्या खिडकीची काच फुटली होती आणि मुलांनी पुठ्ठा लावला होता, तेव्हापासूनचं असणार. नवीन आरजे४५ मारला, पोर्ट कॉन्टॅक्ट क्लीनरने धुतला, दिवा हिरवा. परत मल्टिकास्ट लावलं, मिनिटाला चार जीबीच्या आसपास, १४ पीसी मिळून पाच मिनिटं. मी शिपाईमामांना बोलावून दाखवलं, ते म्हणाले मग मे महिन्यात तुम्ही एवढे दिवस करत काय होतात.

दोन जुन्या पीसींचा बायोसचा सेल गेलाय, लाइट गेली की नेटवर्क बूट विसरतात आणि तारीख २००९ दाखवतात. सीआर२०३२ बाजारात मिळतो, सोमवारी आणतो. ११ नंबर खिडकीपासून हलवायचाय पण तिकडे प्लग पॉइंट नाही.

खाजणातला_खेकडा
सेल चौदाचे आणा सर, एकदम. उरलेले बारापण त्याच वयाचे आसत.