प्रतिसाद: सांगायची पद्धत बदलून बघा

गोळ्या नि पथ्य समजावताना "म्हाताऱ्यांना सांगून उपयोग नाही, घरच्यांनाच सांगा" असं या चर्चेत कुणीतरी लिहिलंय, ते अर्धंच पटतं. आमच्या यवतमाळकडे कापूस वेचणीच्या दिवसांत घरचे सकाळीच वावरात जातात. मागं आजी आणि तिच्या गोळ्या.

आजी विसरते असं म्हणण्याआधी तिचे कान-डोळे बघा. वयाबरोबर आधी उंच पट्टीचे आवाज जातात, म्हणजे स, श, फ अशी अक्षरं. ओरडून शब्द फाटतो, कळत नाही. पंखा बंद करून, ओठ दिसतील असं समोर बसून सावकाश बोलावं. डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं, मग निळं-हिरवं ओळखू येत नाही. "हिरवी पट्टी सकाळी, निळी रात्री" ही युक्ती (आरोग्य शिबिरात फार लाडकी!) तिथंच फसते. पाकिटावर मोठा सूर्य नि चंद्र काढा. सरकारी दवाखान्यात गोळीचा रंग बदलला तरी चालतं.

मिठाचं तसंच. "मीठ कमी करा" म्हटलं की आजी सांगते, "मी तं भाजीत टाकतच नाही जी!" ताटात मात्र ठेचा, लोणचं, पापड. दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी म्हणजे चहाचा एक सपाट चमचाही नाही, आणि ते ठेचा-लोणचं धरून. चमचा हातात देऊनच दाखवा.

आणि "समजलं का?" विचारू नका, "हो जी"च येणार. "सुनेला हे कसं सांगाल, आजी?" असं विचारा, कुठं अडलंय ते लगेच कळतं.