मदत हवी आहे: फायनान्स कंपनीत इंटर्नशिपचा इंटरव्ह्यू, क्रेडिट विभागात काय विचारतात?

खानापूर लोकल:
बेळगावातल्या एका एनबीएफसीत (बँक नसलेल्या फायनान्स कंपनीत) दोन महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी गुरुवारी इंटरव्ह्यू आहे. बी.कॉम. सहावं सेमिस्टर, राणी चन्नम्मा विद्यापीठ. एक्सेल, टॅली येतं. कन्नड बोलता येतं, लिहिताना अडखळतं. गणितं करायला लावतात का? एनपीएवर, म्हणजे थकून गेलेल्या कर्जांवर, किती खोल जातात? आणि कन्नडबद्दल काय सांगू?

हिशेबी:
व्याख्या पाठ करून जाऊ नका. समोर एक गिऱ्हाईक ठेवतात आणि आकडे विचारतात. ठरलेला प्रश्न म्हणजे फ्लॅट आणि रिड्यूसिंग व्याज. १ लाख, १२ टक्के, १२ महिने. फ्लॅटने व्याज सरळ १२,००० आणि हप्ता ९,३३३. रिड्यूसिंगने हप्ता ८,८८५, एकूण व्याज फक्त ६,६१९. कारण पहिल्या महिन्यात १,००० व्याज जाऊन ७,८८५ मुद्दल फिटतं, दुसऱ्या महिन्याचं व्याज ९२,११५ वरच लागतं. फ्लॅटवाला मात्र फिटलेल्या मुद्दलावरही व्याज घेत राहतो. म्हणून फ्लॅट १२ म्हणजे खरे साधारण २१-२२ टक्के. इथे बहुतेक जण 'दर तोच आहे की' म्हणून फसतात.

पुढचा प्रश्न हप्ता झेपण्याचा. पगार २५,०००, आधीचे हप्ते ६,०००, सगळे हप्ते मिळून कंपनीची मर्यादा पगाराच्या ५० टक्के धरा. म्हणजे नव्या हप्त्याला ६,५०० उरतात, ८,८८५ बसत नाही. लगेच 'नामंजूर' म्हणू नका. मुदत २४ महिने केली की हप्ता ४,७०७ होतो, बसतो. पण व्याज जवळपास दुप्पट होऊन १२,९७६ वर जातं, हे न विचारता सांगा.

तिसरं गेट:
एनपीए: त्याआधीचे टप्पे म्हणजे एसएमए, लक्ष ठेवायची खाती. थकीत १ ते ३० दिवस एसएमए-०, ३१ ते ६० एसएमए-१, ६१ ते ९० एसएमए-२, त्यापुढे एनपीए. खोच पुढे आहे: 'एनपीए झाल्यावर गिऱ्हाइकाने एक हप्ता भरला, खातं सुधारलं का?' नाही. सगळी थकबाकी, मुद्दल आणि व्याज दोन्ही, भरल्याशिवाय खातं पुन्हा स्टँडर्ड, म्हणजे नियमित, होत नाही.

ऊसपट्टा:
९० दिवस सगळीकडे लावू नका. बँकेचं पीककर्ज हंगामावर मोजतात. कमी मुदतीच्या पिकाला दोन हंगाम, ऊस लांब मुदतीचा म्हणून एक हंगाम. चिकोडी-निपाणीकडची फाईल आली तर हे विचारतातच.

खानापूर लोकल:
ऊस शेतकऱ्याने ट्रॅक्टरसाठी कर्ज मागितलं तर महिन्याचा हप्ता ठेवायचा का?

ऊसपट्टा:
गळीत हंगाम संपेतो पैसा येत नाही. कायद्याने ऊस घातल्यापासून १४ दिवसांत बिल मिळायला हवं, पण त्या तारखेवर हप्ता बांधला तर फाईल हमखास अडकते. सहामाही हप्ता सुचवा, आणि कारखान्याच्या बिलाच्या पावत्या बँक पासबुकाशी ताडून बघतो म्हणा. नुसता सात-बारा म्हणू नका, आपल्याकडे आरटीसी म्हणतात, पहाणी.

हिशेबी:
कन्नडचं खरं तेच सांगा: 'बोलता येतं, लिहायला वेळ लागतो.' फुशारकी मारली तर समोर कन्नड फॉर्म ठेवतील. उलट दोन्ही भाषा येणं हीच तुमची जमेची बाजू. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जदाराला 'की फॅक्ट स्टेटमेंट' (कर्जाच्या मुख्य अटी-खर्चांचा कागद) द्यावं लागतं, तेही त्याला कळणाऱ्या भाषेत. त्यात व्याजासोबत प्रोसेसिंग फीसारखे खर्च धरून वार्षिक दर येतो. खानापूरच्या माणसाला तो मराठीत समजावून दाखवा म्हटलं तर जमायला हवं. एकदा घरी मोठ्याने म्हणून बघा.

मार्क्स कार्डांच्या झेरॉक्स दोन संच, आणि साधा कॅल्क्युलेटर. फोन बाहेर काढू देतीलच असं नाही.